शून्याचे शेहेचाळीस कसे झाले?

गावच्या कबड्डी मंडळाचा संघ गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झालेला असतो आणि यंदा तोच संघ ढाल घेऊन परततो. गडी जवळपास तेच, सरावाचे मैदान तेच, मग फरक पडला कशाने? पारावर उत्तर तयार असते: "यंदा पोरांनी मनावर घेतलं." ऐकायला बरे वाटते, पण या उत्तराने उलगडत काहीच नाही. गेल्या वर्षी काय पोरे हरायला गेली होती?

अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, फुटबॉल संघाने हाच प्रश्न फार मोठ्या मैदानावर उभा केला. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्याच गावी, बॅटन रूज येथे, हा संघ अलाबामा विद्यापीठाकडून ०-२९ असा हरला. एक गुणसुद्धा नाही. वर्षभराने, ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, तो अलाबामाच्या घरी ट्यूस्कालूसाला गेला आणि ४६-४१ असा जिंकून आला. त्या मोसमात एलएसयूने पंधरा सामने खेळले आणि पंधराही जिंकले. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये क्लेमसनला ४२-२५ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपदही घेतले. चेंडू फेकणारा प्रमुख खेळाडू दोन्ही वर्षी एकच होता, मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन हेही तेच. मग बदलले काय? बदलली ती मैदानावरची जागेची वाटणी, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते पटायचे तर आधी खेळाचे दोन-चार नियम माहीत हवेत.

चौकट : नावात पाय, खेळात हात

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड, म्हणजे ४९ मीटर, रुंद. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅक करतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो एक तर रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू पोटाशी धरून घुसणाऱ्या गड्याच्या, हाती देतो किंवा लांब पळणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. पुढच्या रांगेतले पाच धिप्पाड गडी फक्त आडवे उभे राहतात. पुढे फेकलेला पास त्यांना झेलता येत नाही. तेव्हा क्वार्टरबॅक आणि ही पाच जणांची भिंत वगळली, तर पास झेलू शकणारे उरतात पाच. या पाच जणांना कुठे उभे करायचे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

आधी आकड्यांची साक्ष

संघ सुधारला म्हणजे नेमका कुठे सुधारला, हे दोन साध्या सरासऱ्यांवरून कळते. २०१८च्या तेरा सामन्यांत एलएसयूने ४२१ गुण केले, सामन्यामागे ३२.४. २०१९च्या पंधरा सामन्यांत ७२६ गुण, सामन्यामागे ४८.४. आता दुसरी बाजू पाहा. प्रतिस्पर्ध्यांनी एलएसयूविरुद्ध २०१८ मध्ये सामन्यामागे २१.८ गुण केले आणि २०१९ मध्ये २१.९. बचाव जिथे होता तिथेच राहिला. पोरांनी नुसते मनावर घेतले असते, तर बचाव करणारी पोरे काय झोपली होती? मनावर घेण्याचा परिणाम दोन्हीकडे थोडाथोडा दिसायला हवा होता. दिसला तो एकाच बाजूला, आणि तोही भरभक्कम.

इथे एक खाच आहे आणि ती सांगायलाच हवी. २०१८च्या आकड्यांत टेक्सस ए अँड एमविरुद्धचा ७२-७४ हा अजब सामना धरलेला आहे. नियमित वेळ संपली तेव्हा तो ३१-३१ असा बरोबरीत होता आणि नंतर तब्बल सात जादा डाव खेळले गेले. ते जादा गुण वजा केले, तर २०१८ची आक्रमणाची सरासरी २९ वर येते आणि बचावाची साडेअठरावर. म्हणजे नीट पाहिले तर विजेत्या वर्षी बचाव किंचित ढिलाच होता आणि आक्रमणाची झेप आकडा दाखवतो त्याहून मोठी होती. बचावच विजेतेपद मिळवून देतो, असे अमेरिकेत जुनेजाणते म्हणत आले आहेत. २०१९चा एलएसयू त्यांच्यासाठी अडचणीचे उदाहरण आहे. मोसमाच्या शेवटी मात्र बचावाने हात दिला. अखेरच्या चार सामन्यांत अनुक्रमे ७, १०, २८ आणि २५ गुणच दिले.

आता क्वार्टरबॅक जो बरो याचे आकडे. २०१८ मध्ये त्याने ३७९ पास टाकले, त्यातले ५७.८ टक्के साथीदारांच्या हाती पडले आणि १६ टचडाउन झाले. २०१९ मध्ये ५२७ पास, ७६.३ टक्के हाती, ६० टचडाउन. त्या वेळी हा एका मोसमाचा विक्रम होता. पास जास्त टाकले म्हणून टचडाउन वाढले, असे वाटेल. पण एका पासमागे मिळालेले अंतर पाहा: २०१८ मध्ये साधारण ७.६ यार्ड, २०१९ मध्ये १०.८. दुकानदाराने जास्त गिऱ्हाइके केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे नफाही वाढला, तर धंद्याची पद्धतच बदलली असे समजावे. नुसत्या मेहनतीने हे दोन्ही एकदम होत नाही.

आखूड पांघरूण

एलएसयूची जुनी ख्याती दांडगाईची होती. भिंतीला लागून आणखी एक-दोन जाडजूड गडी उभे करायचे आणि मधोमध घुसायचे. गर्दीच्या वेळी दादरला लोकलच्या एकाच दारातून आत शिरण्याचा हा प्रकार. ज्याचा रेटा जास्त तो आत. या पद्धतीने सामने जिंकता येतात, पण समोरही तेवढाच रेटा असेल तर दोघेही दारातच अडकतात. २०११च्या नोव्हेंबरमध्ये एलएसयूने अलाबामाला हरवले ते ९-६ असे, जादा वेळेत, आणि त्या अख्ख्या सामन्यात दोन्ही बाजूंनी एकही टचडाउन झाला नाही. त्यानंतर अलाबामाचा रेटा वाढत गेला आणि एलएसयू लागोपाठ आठ वेळा हरला.

जानेवारी २०१९ मध्ये ऑर्जरॉन यांनी २९ वर्षांच्या जो ब्रेडीला पासच्या खेळाचा समन्वयक म्हणून आणले. ब्रेडी तिथून फार लांब नसलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, सेंट्स या व्यावसायिक संघात, प्रशिक्षक शॉन पेटन यांच्या हाताखाली दोन वर्षे शिकला होता. आक्रमणाचे मूळ प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर पदावर कायम राहिले आणि दोघांनी मिळून नवी मांडणी केली. ज्येष्ठाने तरुणाला आपल्या घडीत जागा करून दिली, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हरवली, पण माझ्या मते ती डावपेचांइतकीच महत्त्वाची होती.

नव्या मांडणीला अमेरिकेत स्प्रेड म्हणतात, म्हणजे पसरणे. पास झेलू शकणाऱ्या पाच जणांना मैदानाच्या ४९ मीटर रुंदीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विखरून उभे करायचे. कधी कधी रनिंग बॅकसुद्धा क्वार्टरबॅकजवळ ठेवायचा नाही, त्यालाही कडेला पाठवायचे. वरवर पाहता हे वेडेपणाचे वाटते, कारण क्वार्टरबॅकच्या रक्षणाला फक्त पाच जणांची भिंत उरते. पण बचाव करणाऱ्या अकरा जणांचा हिशेब मांडून पाहा. पसरलेल्या पाच जणांवर पाच माणसे लावावीच लागतात. त्यातला कुणी निसटला तर सावरायला मागे एक-दोन हवेतच. मग मध्ये उरले चार किंवा पाच, आणि त्यांच्यासमोर पाच जणांची भिंत. बचावाचे पांघरूण आखूड पडते: खांद्यावर ओढले तर पाय उघडे, पायावर ओढले तर खांदे. ते कुठे ओढले आहे हे क्वार्टरबॅकने डाव सुरू होण्याआधीच पाहायचे आणि उघड्या जागी वार करायचा.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. सात गडी साखळी करून कोपऱ्यात उभे असले की चढाईपटूला बोनस रेषेपर्यंत पोचणेही अवघड जाते. तेच गडी तीनवर आले की मैदान तेवढेच असूनही त्याला मोठे वाटू लागते. कबड्डीत त्यासाठी समोरचे गडी बाद करावे लागतात. एलएसयूने कुणालाही बाद न करता बचावाची साखळी तोडली. आपले गडी लांब उभे केले, की समोरच्यांना त्यांच्यामागे जावेच लागते.

जागा मोकळी झाली तरी तिथे हुशार गडी नेऊन सोडावा लागतो. जस्टिन जेफरसन आधी कडेला खेळत असे. २०१९ मध्ये त्याला आतल्या बाजूला, कड आणि भिंत यांच्या मधल्या पट्ट्यात, आणले. तिथून तो डावीकडे, उजवीकडे, सरळ, कुठेही वळू शकतो आणि बचावाचा सर्वांत वेगवान गडी बहुधा त्याच्यासमोर नसतो. मोसमाअखेर त्याचे १११ झेल आणि १८ टचडाउन झाले होते. कडेला जमार चेस होता. त्याच्यावर एकटा गडी सोडला तर तो भारी पडे आणि दोन लावले तर जेफरसन मोकळा सुटे. चेसचे २० टचडाउन झाले आणि तिसरा साथीदार टेरेस मार्शल याचे १३.

खो-खोतली दिशा

पसरण्याच्या जोडीला एक युक्ती होती, तिचे नाव आरपीओ. चेंडू घेऊन धावायचे की पास टाकायचा, हा निर्णय डाव सुरू झाल्यावर घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा खांदा वळवून दिशा घेतली की त्याला उलट फिरता येत नाही. मुरलेला पळणारा म्हणून घाई करत नाही. समोरच्याचा खांदा वळेपर्यंत थांबतो आणि मग दुसऱ्या बाजूने सटकतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावपटूला असा नियम आडवा येत नाही, पण पूर्ण वेगात पुढे झेपावलेले शंभर किलोंचे शरीर अर्ध्या सेकंदात मागे वळवता येत नाही. म्हणजे नियमाचे काम शरीराचे वजनच करते.

क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. त्याची नजर बचावाच्या एकाच ठरलेल्या गड्यावर असते. त्या गड्याला मुद्दाम कुणीही अडवलेले नसते. तो रनिंग बॅकला पकडायला पुढे आला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्या गड्याने नुकत्याच सोडलेल्या जागी फेकतो. तो जागेवर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती राहतो. गड्याने काहीही केले तरी ते चुकीचेच ठरते. त्याला अडवायला माणूस खर्च न करता तो डावातून बाद झाला. यात महाविद्यालयीन नियमांचीही मदत होते. भिंतीतले गडी धावेसाठी पुढे रेटत असतील, तर व्यावसायिक खेळात पासच्या वेळी त्यांना एकच यार्ड पुढे जाण्याची मुभा असते, महाविद्यालयीन खेळात तीन यार्ड. हे जादा दोन यार्ड नसते, तर निर्णय तेवढा वेळ लांबवता आला नसता.

तिसरा प्रयत्न, सतरा यार्ड

मोसमातला दुसराच सामना, ७ सप्टेंबर २०१९, टेक्सस विद्यापीठाचे मैदान. एलएसयू ३७-३१ असा पुढे, खेळ संपायला अडीच-पावणेतीन मिनिटे. चेंडू एलएसयूच्या स्वतःच्या ३९ यार्ड रेषेवर, तिसरा प्रयत्न, आणि पुढे जायचे आहे सतरा यार्ड. जुन्या वळणाच्या संघाने इथे काय केले असते? रनिंग बॅकला मधून घुसवून वेळ खाल्ला असता, चौथ्या प्रयत्नाला चेंडू लांब लाथाडला असता आणि बचावावर भरवसा ठेवला असता. टेक्ससने बरोवर जादा माणसे सोडली. मघाचे पांघरूण आठवा: पुढे जादा माणसे आली, म्हणजे मागे कमी उरली. बरो भिंतीआड दबून राहिला नाही. दबावातून वाट काढत सरकला आणि चेंडू जेफरसनकडे फेकला. झेल घेतला तेव्हा जेफरसनच्या पुढे मागच्या फळीचे पाठबळच उरले नव्हते. तिथून तो धावत थेट शेवटच्या पट्ट्यात गेला, एकूण ६१ यार्डांची मजल. सामना ४५-३८ असा संपला. तो पास पडला असता, तर टेक्ससला बरोबरीत यायला एक टचडाउन पुरला असता आणि हा लेख कदाचित दुसऱ्याच संघावर लिहावा लागला असता.

ऑबर्नने शोधलेला उतारा

प्रत्येक युक्तीला उतारा असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑबर्न विद्यापीठाने तो जवळजवळ शोधला होता. त्यांनी पुढे फक्त तिघे ठेवले आणि उरलेले आठ मागे पसरवले. पाच जणांवर आठ, म्हणजे पांघरूण अचानक लांब झाले. एलएसयूला त्या दिवशी २३ गुणच करता आले, साऱ्या मोसमातले सर्वांत कमी. मांडणीच सगळे करत असती, तर हा सामना हरायला हवा होता. पण तो २३-२० असा जिंकला. कारण पुढे तिघेच उरल्यावर पाच जणांच्या भिंतीने वाट करून दिली आणि रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर १३६ यार्ड धावला. उंचीला कमी, पण पकडायला तेलकट मातीच्या मडक्यासारखा निसटता असा हा गडी. त्याने वर्षभरात १,४१४ यार्ड धावून शिवाय ५५ पासही झेलले, आणि त्यामुळे तो मैदानात असताना हा धावणार की पास घेणार, हे उभे राहण्याच्या जागेवरून ओळखता येईना. भिंतीलाही त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम भिंतीचा मान, जो मूर पुरस्कार, मिळाला. पसरण्याच्या खेळात दांडगाई लागत नाही, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सारे श्रेय बरोचेच नाही काय?

सर्वांत वजनदार आक्षेप हाच. बरो त्या वर्षी देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, हाइस्मन करंडक त्याला विक्रमी फरकाने मिळाला. एप्रिल २०२०च्या निवड सोहळ्यात व्यावसायिक संघांनी एलएसयूचे चौदा खेळाडू घेतले, बरोला तर पहिल्याच क्रमांकाने. इतकी गुणवत्ता असेल तर कुठलीही मांडणी चालेल, मांडणीचे कौतुक कशाला? पण हाच बरो, यातले बरेचसे साथीदार घेऊन, २०१८ मध्येही खेळला होता आणि अलाबामासमोर शून्यावर राहिला होता. ओहायो स्टेटमधून पदवी घेऊन तो २०१८च्या उन्हाळ्यातच आला होता, तेव्हा दुसऱ्या वर्षी रुळल्यामुळे थोडी सुधारणा झालीच असती, हे मान्य. पण ५७.८ वरून ७६.३ टक्क्यांवरची उडी नुसत्या रुळण्याने होत नाही. सोळाचे साठ तर नाहीच.

तरीही आक्षेप पूर्ण खोडता येत नाही आणि खोडूही नये. मांडणी क्वार्टरबॅकला दर डावाला एक प्रश्न विचारते: पांघरूण कुठे उघडे आहे? उत्तर द्यायला अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि समोरून कुणीतरी अंगावर येत असतो. बरोचे खरे कसब हात किती लांब फेकतो यात नव्हते, उत्तर किती लवकर दिसते यात होते. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध मध्यंतरापूर्वीच त्याच्या पासवर सात टचडाउन झाले, त्यातले चार जेफरसनचे. अंतिम सामन्यात क्लेमसनने सुरुवातीला १७-७ अशी आघाडी घेतली. क्लेमसन त्याआधी सलग २९ सामने जिंकला होता आणि त्यांचा बचाव डाव सुरू होईपर्यंत आपली मांडणी लपवण्यात पटाईत होता. थोडा वेळ बरोला उत्तर दिसेना. मग त्याने ओळखले की कडेला चेससमोर एकटाच गडी आहे आणि त्याच्या मदतीला येणारे लांब आहेत. चेसने त्या रात्री २२१ यार्ड मिळवले. मध्यंतराला एलएसयू २८-१७ असा पुढे होता.

मांडणी एकटी पडली तेव्हा

अंतिम सामन्यानंतर लगेच ब्रेडी कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेला. बचावाचे प्रशिक्षक डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. बरो, जेफरसन, एडवर्ड्स-हेलेअर व्यावसायिक खेळात गेले, आणि करोनाच्या त्या मोसमात चेसने न खेळण्याचा निर्णय घेतला. ऑर्जरॉन होते, लाखावर प्रेक्षक मावणारे टायगर स्टेडियम होते, विद्यापीठाने पाळलेला खराखुरा वाघ माइक आपल्या प्रशस्त आवारात होता. २०२० मध्ये एलएसयूने पाच सामने जिंकले आणि पाच हरले. मांडणी कागदावर फारशी बदललेली नसताना तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्या वेगाने देणारे मैदानात नव्हते.

उलट बाजूचा पुरावा सिनसिनाटीत मिळाला. बेंगॉल्स या तिथल्या व्यावसायिक संघाने बरोला घेतले होते, पण २०२० मध्ये त्यांनी सोळांपैकी चारच सामने जिंकले. पुढच्या वर्षी त्यांनी पाचव्या क्रमांकाने जमार चेसला घेतले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हा संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. तिथे लॉस एंजेलिस रॅम्सने त्यांना २३-२० असे हरवले. त्याआधी काही आठवडे बॅटन रूजमध्ये ऑर्जरॉन यांच्या खुर्चीवर ब्रायन केली हे नवे प्रशिक्षक येऊन बसले होते.